समोरच्या दारातला कोलम

“सिस्टर, एक सांगू? तुमच्या समोरचं दार रोज एकदा वाजवा. कारण विचारू नका. नुसतं वाजवा.”

लिफ्टपाशी उभ्या असलेल्या त्या बाईनं मोडक्यातोडक्या तमिळमध्ये हे सांगितलं, तेव्हा रंजनीनं कडेवरची श्रीनिधी दुसऱ्या कडेवर घेतली, “सरी, सरी,” म्हणजे बरं बरं, म्हटलं आणि लिफ्टचं बटण दाबलं. दार मिटेपर्यंत ती बाई तिथंच उभी होती. मिटणाऱ्या फटीतूनही तिनं एक बोट वर करून दाखवलं. रोज एकदा.

रंजनीच्या मनात आलं ते एवढंच, की बघा! सामान बांधून झालं, गाडीची वेळ झाली, तरी इमारतीतून पाय निघत नाही यांचा. आता आपल्या हातून दारं वाजवून घेणार!

आणि चौथा मजला यायच्या आत ती ते विसरूनही गेली.

तमिळ मुलखातल्या नावलूरच्या त्या इमारतीत रंजनीची बाल्कनी मागच्या गल्लीवर उघडायची. गल्लीपलीकडे चर्च होतं आणि चर्चला लागून पत्र्याच्या छपराचा एक लांबट हॉल. एरवी तिथं रविवारी तेवढी वर्दळ असे. पण नऊ दिवसांपूर्वी, सोमवारी, हॉलवर कापडी फलक लागला: ‘पाच वर्षांखालील मुलं आणि त्यांच्या आया, सर्वांचं स्वागत. सकाळी दहा ते एक.’ मिझोरामहून अकरा जणांची एक मिशनची तुकडी आली होती, बहुतेक तरुण मुली. त्यांच्यात पन्नाशीची एक नर्स होती, झोथनपुई. वेल्लोरला शिकलेली, म्हणून थोडी तमिळ जाणणारी. गल्लीतली मुलं दुसऱ्याच दिवशी तिला ‘पुई अक्का’ म्हणू लागली.

रंजनी काही अडाणी नव्हती. बायोटेक्नॉलॉजीत बी.टेक., सिरुसेरीच्या एका कंपनीत पाच वर्षं नोकरी. श्रीनिधी झाली आणि घरी बसली. पण आई झाल्यापासून तिच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. दुधाच्या पिशवीवरची तारीख ती दुकानात वाचायची आणि घरी आल्यावर पुन्हा वाचायची, जणू वाटेत बदलणार होती! मग डोळ्यांसमोर, पन्नास पावलांवर, परक्या मुलखातली अकरा माणसं आपल्या गल्लीतली मुलं उचलून घेताहेत, हे तिला कसं सोसावं?

“फुकटात कोण कुणाचं मूल सांभाळतं, अम्मा?” तिनं सासूबाईंना विचारलं.

त्रिपुरसुंदरीबाई श्रीनिधीला रसमभात भरवत होत्या. घराणं तंजावरचं, वाक्य मराठी आणि सूर तमिळ, अशी त्यांची बोली. त्यांनी वरही न पाहता म्हटलं, “मी सांभाळते की! तू मला काय देतेस?”

“तुमचं वेगळं. तुम्ही आजी आहात.”

“त्या कुणाच्या कोणी नसतील काय? जाऊन बघ की मा. हॉलला दार आहे, दाराला पायऱ्या आहेत.”

“मला इथूनच सगळं दिसतं.”

“खिडकीतून खिडकीएवढंच दिसतं,” म्हातारी म्हणाली आणि घास श्रीनिधीच्या तोंडात कोंबला. बुधवारी त्या भाच्याच्या लग्नाला तंजावरला गेल्या. नवरा दिवसभर कामावर, आणि मग रंजनीला अडवणारं कोणी उरलं नाही.

खरंच, काय काय दिसत होतं तिला! हॉलमध्ये चटया अंथरलेल्या. चटयांवर बायका ओळीनं आडव्या पडलेल्या, डोळे मिटून, हालचाल नाही. मधून एक मुलगी अनवाणी फिरतेय, कुणाच्या अंगावर चादर ओढतेय. रंजनीच्या अंगावर काटा आला. ही कसली प्रार्थना? गुंगीचं काही देतात की काय? आणि बाहेर अंगणात दुसरी एक मुलगी, पाठीशी पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात कुणाचं तरी तान्हं बांधून, कडुनिंबाखाली येरझारा घालतेय. मूल कुणाचं, चाललंय कुठं, कुणी विचारायचं?

त्यात समोरची भव्यासुद्धा रोज तिकडे जायला लागली.

भव्या बार्शीची. नवरा गिरिधर इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. बदली झाली म्हणून वर्षापूर्वी दोघं इथं आली. तमिळचा एक शब्द येत नव्हता पोरीला. पण मजल्यावर मराठी बोलणारी घरं आहेत म्हटल्यावर तिचा चेहरा कसा फुलला होता! त्रिपुरसुंदरीबाईंनीच तिला तांदळाच्या पिठाचा कोलम शिकवला. आधी ठिपके, मग ठिपक्यांना वळसे घालत जाणारी एकच रेघ. “आमच्याकडची रांगोळी सोपी हो, अम्मा,” असं म्हणत म्हणत भव्या शिकली, आणि मग एक दिवस चुकवला नाही. पोटुशी असताना स्टुलावर बसून काढायची. यश झाला, तिची आई दीड महिना राहून परत गेली, तरी सकाळी सातला समोरच्या दारात कोलम असायचाच.

गुरुवारी रंजनीनं तिला जिन्यात गाठलं. यश खांद्यावर, हातात कापडी पिशवी, केस कसेबसे बांधलेले.

“काय गं, तिथं काय करतात तुम्हाला?”

“काही नाही, ताई. झोपते.”

“झोपतेस?” रंजनीला हसूच आलं. “झोपायला कुणी चर्चमध्ये जातं का?”

“घरी झोप येत नाही, ताई,” भव्या म्हणाली. आणखी काहीतरी बोलायला तिचे ओठ हलले, पण रंजनीची नजर पिशवीवर होती. पिशवीत काय असेल? पुस्तकं? पत्रकं? भव्यानं ती नजर पाहिली, पिशवी छातीशी धरली आणि आत निघून गेली.

शिकवून पाठवलंय हिला असं बोलायला, रंजनीनं मनाशी ठरवून टाकलं.

शुक्रवारी समोरच्या दारात कोलम नव्हता. शनिवारी नव्हता, रविवारी नव्हता. गुरुवारचं पीठ मुंग्यांनी नेलं आणि फरशी कोरी पडली.

झालं! आणखी पुरावा कशाला हवा? रंजनीनं चार अधिक चार आठ केले. चर्चला गेली, कोलम सुटला. उद्या कुंकू सुटेल, परवा देवघर. सोमवारी सकाळी तिनं बाल्कनीतून फोटो काढला. ती मुलगी, ते पट्ट्यांचं कापड, पाठीवरच्या बाळाची एवढीशी टाळू. फोटो इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: “हे मूल कुणाचं? नेतात कुठं? आपल्यातल्या काही जणीही जातात. समोरच्या घरी तर कोलमही बंद झालाय. वेळीच जागे व्हा.”

तिला खरोखरच वाटत होतं, की आपण कुणाला तरी वाचवतोय.

दुपारपर्यंत तो फोटो तीन इमारतींत फिरला. कुणीतरी त्याखाली ‘मुलं पळवणारी टोळी’ अशी ओळ जोडली. संध्याकाळी चारपाच पुरुष चर्चच्या फाटकाशी जाऊन आरडाओरडा करून आले. इमारतीचे सेक्रेटरी शेषगिरी यांनी पाद्र्यांना फोन केला: “बंद करा हे. पोरींना काही झालं तर मी जबाबदार नाही.” बुधवारी, म्हणजे ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच, हॉलला कुलूप लागलं. आणि त्याच दुपारी सामान टॅक्सीत ठेवायच्या आधी ती पुई अक्का इमारतीत आली, लिफ्टपाशी थांबली आणि एक बोट वर करून गेली.

गिरिधरनंही फोटो पाहिला होता. त्यातली टाळू त्यानं ओळखली. तो यश होता! समोरच्या दारामागून त्या रात्री त्याचा चढलेला आवाज रंजनीनं ऐकला. “सगळ्यांत शोभा झाली माझी! उंबरठ्याबाहेर पाय टाकायचा नाही!” भव्याचा आवाज आला नाही. रंजनीला थोडं वाईट वाटलं. पण वाचली बिचारी, असंही वाटलं.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. समोर सगळं शांत. यशचं रडणंही फारसं कानावर येत नव्हतं. चला, लागली संसाराला, असं म्हणून रंजनी कामाला लागली. एक गोष्ट मात्र कुसळासारखी टोचत होती. चर्च बंद झालं, ती माणसं गेली. मग कोलम का नाही परत आला?

शनिवारी सकाळी साडेसातला त्रिपुरसुंदरीबाई एग्मोर स्टेशनहून रिक्षानं घरी आल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात लग्नातल्या बत्ताशांचा डबा. लिफ्टमधून बाहेर पडल्या आणि जागच्या जागी थांबल्या. चप्पलही काढली नाही. समोरच्या कोऱ्या फरशीकडे त्या बघत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं:

“रंजू, समोर कोण गेलं?”

“गेलं? कुठं गेलं?”

“अगं, कोण वारलं? दारात कोलम नाही तो!”

“कोणी वारलं नाही, अम्मा. त्यांनी सोडलाय कोलम. ती त्या चर्चला जायची ना… आठ दिवस झाले.”

“आठ दिवस!” म्हातारीच्या हातातला डबा खाली आला. “आठ दिवस दार कोरं आहे, आणि तू इथून नुसतं बघतेस? तुझा जन्म या गावात झाला की नाही गं? लहानपणी कोलम नसलेलं दार दिसलं, की तुझी आई काय करायची?”

काय करायची? रंजनीला आठवलं. आई पदर खोचायची, भाताचं पातेलं उचलायची आणि त्या घरी जायची. त्या दारात विचारायचंही नसतं. आत दुःख आहे, हे धरूनच जायचं असतं.

“मला वाटलं, तिनं देव बदलला… म्हणून बाल्कनीतून फोटो काढला, ग्रुपवर टाकला.”

“देव बदलला असं वाटलं! बाईला उठून दोन ठिपके टाकवत नाहीत, तर तिचं बळ सरलं असं नाही वाटलं? आणि बदलला असता, तर मग तिची चौकशी करायची नाही काय? संशय आला ना? आईला येतो संशय, येऊ दे. पण मग जायचं, समोर उभं राहायचं, विचारायचं. तू बाल्कनीत उभी राहून फोटो काढलास! पाळत ठेवलीस, पोरी. काळजी नाही केलीस.”

रंजनीच्या कानात एकाएकी लिफ्टपाशीचा तो मोडका आवाज घुमला. नुसतं वाजवा. रोज एकदा. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, आणि आज शनिवार! चार दिवस!

ती अनवाणीच धावली. घंटा दाबली. उत्तर नाही. दारावर थाप मारली. “भव्या! मी आहे, रंजनीताई! अम्मा आल्यात गं, दार उघड!” आतून काहीच नाही. कान लावला, तेव्हा एक बारीक, दमलेली कुरकुर ऐकू आली. रडून रडून थकलेल्या बाळाची. “भव्या! अगं भव्या!”

किती वेळ गेला कोण जाणे. कडी निघाली.

दारात भव्या उभी होती. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. पाठीमागे, हॉलच्या अगदी मधोमध, जमिनीवर यश. चारी बाजूंनी उशा रचलेल्या. आसपास एकही वस्तू नाही, खुर्चीसुद्धा नाही. आणि बाल्कनीचं दार! त्याच्या कडीला, खिडकीच्या गजाला मिळून भव्याची एक अख्खी साडी गुंडाळली होती, गाठीवर गाठ, गाठीवर गाठ.

“हे कुणी बांधलं गं?”

“मी.” भव्या जमिनीकडे बघत होती. “मला माझीच भीती वाटते, ताई. त्याला घेऊन बाल्कनीत उभी राहिले की… नको नको ते मनात येतं. म्हणून आज पहाटे हे कामावर गेल्यावर बांधून टाकलं. त्याला जवळ घ्यायची भीती वाटते, म्हणून लांब बसते. रात्री झोप नाही, दिवसा झोप नाही. यांना सांगितलं तर म्हणतात, सगळ्या बायकांना मुलं होतात, तूच काय जगावेगळी!”

“मग आम्हाला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही पिशवीकडे बघत होता, ताई.”

त्रिपुरसुंदरीबाईंनी एव्हाना यशला उचललं होतं. दुसऱ्या हातानं त्यांनी भव्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. “रड गं, पोरी. आधी रड. मग जेव. मग झोप. आम्ही दोघी आहोत, मूल कुठं जात नाही.” आणि मग भव्या जी रडली, ती अम्माच्या खांद्यावरच कधी झोपून गेली, कळलंही नाही.

कोपऱ्यात ती कापडी पिशवी पडली होती. रंजनीनं ती उघडली. आत पट्ट्यापट्ट्यांचं ते कापड, नीट घडी केलेलं. बाळाच्या वजनाचा कागद. आणि एक छापील प्रार्थनेचं कार्ड. खोटं कशाला सांगा, ते कार्ड पाहून क्षणभर रंजनीच्या मनातला जुना नाग फणा काढून उभा राहिला. मग तिनं कार्ड उलटलं. मागे निळ्या शाईत, वळणदार इंग्रजी अक्षरांत एग्मोरच्या सरकारी इस्पितळातल्या एका डॉक्टरबाईंचं नाव, बसायचे वार, आणि खाली: ‘बाळंतपणानंतर असं होऊ शकतं. तुझा दोष नाही. हे बरं होतं. एकटी राहू नकोस.’ त्याखाली झोथनपुईचा फोन नंबर.

ज्या बायका तिला गुंगीत पडलेल्या वाटल्या, त्या झोपल्या होत्या! एवढंच! तीन तास कुणीतरी मुलं पाठीशी बांधून कडुनिंबाखाली फिरवत होतं, म्हणून गल्लीतल्या आया महिनोन्‌महिन्यांची झोप काढत होत्या. भव्या दिवसभरात तेवढ्यासाठीच उठून उभी राहत होती. आणि तेवढंच रंजनीनं तिच्याकडून काढून घेतलं होतं.

दुपारी गिरिधर आला. आधी तो बोलायला लागला, “अहो, तिला सवयच आहे…” मग त्याला बाल्कनीच्या गाठी दिसल्या. त्या सोडवायला गेला आणि सोडवता सोडवता मटकन खाली बसला. सोमवारी तो आणि रंजनी, दोघं भव्याला घेऊन एग्मोरला गेले. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि गिरिधरला सांगितलं, “वेड लागलेलं नाही हे. बाळंतपणानंतरचं नैराश्य आहे. औषध आहे, उपाय आहे. पण गोळीआधी हिला झोप हवी आणि माणूस हवं. बरं झालं, वेळेवर आणलंत.”

वेळेवर! रंजनीनं खाली मान घातली.

त्याच संध्याकाळी तिनं ग्रुपवर दुसरा मजकूर लिहिला. पहिल्यापेक्षा तो लिहायला फार वेळ लागला. फोटोतलं मूल कुणी पळवत नव्हतं, त्याच्या आईला झोपू देत होतं. मी न विचारता लिहिलं, माझी चूक झाली, असं तिनं स्वतःच्या नावानिशी लिहिलं. भव्याचं आजारपण मात्र लिहिलं नाही. ते सांगायचा हक्क भव्याचा. मग शेषगिरी लिफ्टपाशी भेटले, चष्मा पुसत म्हणाले, “मीही पाद्र्यांना भेटून येतो. त्या पोरींची माफी मागायला हवी. आमच्याही सुनेला पाच महिन्यांचं आहे हो. कधी विचारलंच नाही, झोपते की नाही.”

रंजनीनं झोथनपुईला फोन लावला. माफीची वाक्यं तिनं मनात दहादा घोळवली होती. पण पलीकडून आधी प्रश्न आला.

“सिस्टर, दार वाजवलं?”

“वाजवलं, अक्का. चार दिवस उशीर केला.”

“उघडलं?”

“उघडलं.”

“देवाची कृपा. आता रोज एकदा.” आणि त्या अक्कानं दुसरं काही, एक अक्षरही, विचारलं नाही.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी, अकरा ते एक, रंजनीच्या हॉलमध्ये चटया पडतात. पाचसहा आया येतात, झोपतात, जातात. मुलं त्रिपुरसुंदरीबाई, रंजनी आणि आळीपाळीनं ज्याची सुट्टी असेल तो बाप सांभाळतो. गिरिधर यशला पट्ट्यांच्या कापडात पाठीशी बांधून व्हरांड्यात फिरतो तेव्हा अम्मा म्हणतात, “फोटो काढ गं रंजू, हाही टाक की ग्रुपवर!” आणि रंजनी लाजून आत पळते.

समोरच्या दारात अजून रोज कोलम नसतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, घाई करू नका. पण गेल्या शुक्रवारी सकाळी रंजनीनं दार उघडलं, तर फरशीवर तीन ठिपके होते. नुसते तीन, वेडेवाकडे. रेघ नव्हती. रंजनी त्यांच्याकडे पाहत उभी राहिली आणि तिला ते ओलांडवेना.

संशय सावध करतो, हे खरं. लेकुरवाळीनं सावध असावंच. पण संशय घेऊन खिडकीत बसलं, की तो आंधळा होतो. तोच घेऊन दारापर्यंत गेलं, तर त्याची विचारपूस होते. परक्या मुलखातून आलेल्या बाईला जे आठ दिवसांत दिसलं, ते रंजनीला चार पावलांवरून दिसलं नाही. कारण ती बाई भव्याचे डोळे बघत होती, आणि रंजनी तिची पिशवी.

म्हणून रंजनी तुम्हालाही विचारते आहे, हात जोडून. तुमच्या मजल्यावर, तुमच्या गल्लीत कुणी नुकती बाळंतीण झालेली आहे का? आताशा तिचा आवाज येत नाही? दारातली रांगोळी, गॅलरीतले धुतलेले लंगोट, सकाळची कुकरची शिट्टी, रोजचं काहीतरी थांबलंय? ती कुठं जाते, कुणाला पुजते, ते राहू द्या. चार दिवस थांबू नका. कारण नसेल तर वाटीभर साखर मागायला जा. जा, आणि तिचं दार वाजवा.